डोंगराला चुना लावणारा नाखवा

उस्माननाखव्यांनी उभ्या जन्मात कधी डावं-उजवं म्हटलं नाही. त्यांच्या लेखी जगाला दोनच बाजू होत्या, एक समुद्राकडची आणि एक डोंगराकडची. जेवायला बसले की बायकोला सांगायचे, "हलीमा, डोंगराकडची वाटी सरकव." न्हाव्यापुढे बसले की, "समुद्राकडचा कल्ला जरा जास्त घे." एकदा दाढ ठणकत होती म्हणून अलिबागेस दात काढणाऱ्याकडे गेले आणि तोंड दाबून म्हणाले, "डोंगराकडची." आता खुर्चीचं तोंड कुठल्या दिशेला, यावर दाढ ठरणार! त्या बिचाऱ्याने भलतीच उपटली. नाखवा चांगली दाढ गमावून आणि दुखरी तशीच घेऊन घरी आले. मी हसायला लागलो तर मलाच दरडावलं, "दात काय काढतोस? वारा फिरला."

वारा फिरला! हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. चूक हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. सौदा बुडाला, वारा फिरला. बिर्याणी करपली, वारा फिरला. आणि गंमत अशी की ते इतक्या ठामपणे म्हणायचे की ऐकणारा खरंच आभाळाकडे बघायचा.

मी त्यांचा शेजारी. किहीम आणि रेवसच्या मधल्या आमच्या गावात, खाडीच्या तोंडाशी, आमची चुन्याची भट्टी होती. शिंपले भाजायचे, चुना पाडायचा आणि मचव्यात भरून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर धाडायचा, हा आजोबांपासूनचा धंदा; पाडलेला चुना भट्टीच्या कोठीत कुलपात, चावी माझ्या कमरेला. मचवा नाखव्यांचा. माझं नाव रघुनाथ, पण नाखव्यांनी ते कधी वापरलं नाही. भल्या सकाळी कुंपणापलीकडून हाक यायची, "काय चुनेवाल्या, आज कुनाला चुना लावणार?" मी वयाने लहान म्हणून ऐकून घ्यायचो. तसे आमचे त्यांचे दिवसातून दोनदा खटके उडत, आणि तिसऱ्यांदा उडायच्या आत हलीमाभाभी चहा पाठवीत.

जमीन काय ती नाखव्यांना ठाऊकच नव्हती. तरुणपणी मोठी गलबतं घेऊन मलबारला कौलं आणायला आणि कराचीला तांदूळ पोचवायला गेलेला माणूस तो. पुढे हजला जाऊन आले. आगबोटीवर कप्तानाला सुकाणू कसं धरावं ते शिकवायला गेले आणि खलाशांनी त्यांना हाताला धरून खाली आणून बसवलं, हे सांगताना त्यांना अजिबात लाज वाटत नसे. लोक हाजी म्हणायला लागले तर म्हणाले, "हाजी मी अल्लापुढं. तुमच्यापुढं नाखवा."

हजहून येताना त्यांनी स्वतःचं कफन आणलं होतं, मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं. पुष्कळ हाजी आणतात. पांढरंशुभ्र, घडी घालून पेटीत ठेवलेलं. दरवर्षी पावसाळा सरला की हलीमाभाभी ते अंगणात उन्हाला घालायच्या. मी मान फिरवून पुढे जायचो. नाखवा मात्र त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणायचे, "ह्ये माझं आखरीचं शीड. ह्ये चढवलं का मग सुकाणूला हात लावायचा न्हाय, जाईल तिकडं जायाचं." भाभी आतून ओरडायच्या, "तौबा! सकाळी सकाळी काय बोलता!"

आता डोंगराचं सांगतो, कारण खरे नाखवा मला डोंगरावरच कळले.

आमच्या खाडीच्या तोंडाला पाण्याखाली खडक आहे. ओहोटीला त्यावर फेस दिसतो, भरतीला तोही दिसत नाही. मचवा आत आणायचा तर एकच चिंचोळी वाट. ती वाट कशी ओळखायची? समुद्रातून बघितलं की किनाऱ्यावर दर्ग्याचा पांढरा घुमट दिसतो आणि त्याच्या मागे उंट. उंट म्हणजे डोंगर. कराचीला उंट पाहून आलेल्या जुन्या नाखव्यांनी ते नाव ठेवलं. त्या उंटाच्या वशिंडावर एक नांदरुखाचं झाड होतं. झाड आणि घुमट एकावर एक आले की समजायचं, आपण वाटेवर आहोत. तसंच धरून सरळ आत यायचं. आजे-पणजे असेच आले. झाडाला हात लावायला मात्र कोणी गेलं नव्हतं. डोंगर हा लांबून बघायची वस्तू, असंच सगळे मानत.

एका पावसाळ्यात तुफान झालं आणि झाड पडलं. नारळीपुनवेनंतर मचवे बाहेर पडले, आणि पहिल्याच खेपेला नाखव्यांचा जावई इब्राहिम खडकाला घासला. सुकाणू तुटलं, माणसं बचावली. इब्राहिम शहाणा गडी, पण नुसत्या घुमटाच्या भरवशावर तो तरी काय करणार? नाखव्यांची एकुलती एक पोर फातिमा तेव्हा पोटुशी होती. तिने रात्रंदिवस रडून घर डोक्यावर घेतलं.

आठवड्याने एका सकाळी नाखवा भट्टीवर हजर. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी लुंगी, दाढीला अत्तर.

"चुनेवाल्या, चुना काढ. घट्ट कालवलेला."

"कुणाला लावायचाय?"

"डोंगराला."

त्यांचा बेत असा, की वशिंडावर काळा कातळ आहेच. त्याला चुना फासायचा. झाडाऐवजी पांढरा दगड. बेत झकास होता, मी तसं म्हणालोही. पण पुढे म्हणाले, "चल." मी म्हटलं, "मी? नाखवा, माझे गुडघे!" ते म्हणाले, "तुझे गुडघे समुद्राकडं ठेव आन ये." याचा अर्थ काय ते त्यांनाच ठाऊक. सुकाणू दुरुस्त होऊन इब्राहिम आदल्या दिवशीच मुंबईला गेला होता. त्याला नाखव्यांनी सांगून ठेवलं होतं, "उद्या सांजच्याला येशील तवा उंटावर पांढरं दिसंल. त्ये घुमटावर धर आन डोळे मिटून ये."

तर त्याच सकाळी आम्ही दोघे रॉकेलच्या डब्यांत चुना घेऊन, कुंचे कमरेला खोचून निघालो. भातखाचरं संपली आणि चढ लागला. वाट अशी नव्हतीच. गुरांनी पाडलेली एक रेघ करवंदीच्या जाळ्यांतून वर जात होती, तीही मध्येच गवतात बुडायची. गवत छातीपर्यंत. तेरडा असा फुललेला की पाय कुठे टाकावा कळेना. नाखवा पुढे, डेकवर चालावं तसे पाय फाकून, झोकांड्या देत. प्रत्येक वळणावर हुकूम सोडायचे, "डोंगराकडनं घे!"

"अहो, डोंगरावरच आहोत आपण! डोंगराकडे म्हणजे कुठे?"

यावर त्यांनी आधी समुद्राकडे बघितलं, मग चढाकडे. हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. मग म्हणाले, "म्हंजे वर."

अर्ध्या चढावर ओढ्याचा कोरडा काठ लागला. तिथला दगड मी हातात घेऊन बघितला. काळाकुट्ट, आणि अंगभर बुडबुड्यांची भोकं. एकेका भोकात पांढरे खडे साखरेसारखे चमकत होते. माझा जन्म भट्टीपुढे गेलेला, भाजलेली वस्तू मला लगेच कळते. मी म्हटलं, "नाखवा, हा डोंगर भाजून काढलेला आहे. हा एकेकाळी वितळून उकळत होता." ते दगडाचा वास घेऊन म्हणाले, "मग ह्याची भट्टी कुनाची?" मी वर बोट दाखवलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "त्याच्याकडं कोठीची चावी मागायला नको जाऊस." असे होते. देवालाही माझा धंदेभाऊ करून मोकळे झाले.

माथ्यावर पोचलो तेव्हा माझ्या पायांचे तुकडे पडले होते. माथ्यावर मस्त फुगीर कातळ होता, समुद्राकडे तोंड करून. मी म्हटलं, "पण पडलेलं झाड कुठे आहे? बुंधा तरी दिसायला हवा."

"लाकूडतोडे घेऊन गेले आसतील."

"आणि मुळं?"

"मुळंपन न्हेली. तू कुंचा चालव."

मी चालवला. तासाभरात कातळ पांढराफटक केला. डबे अर्धे उरले. नाखवा लांब उभे राहून डोळे बारीक करून बघत होते, नव्या सुनेकडे बघावं तसे खूश. भाकऱ्या सोडल्या. खाली दर्ग्याचा घुमट, त्यापुढे समुद्र, ओहोटी लागलेली. नाखवा घास तोंडात घेऊन सहज कातळाच्या मागे जाऊन उभे राहिले, कातळावरून घुमटाकडे आणि घुमटावरून समुद्राकडे नजर लावली, आणि त्यांचं चावायचं थांबलं.

"काय झालं?"

त्यांनी बोटाने समोर दाखवलं. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. कातळ, घुमट, आणि त्याच सरळ रेषेत पुढे पाण्यात फेस. खडक! बरोबर खडकावर! म्हणजे हा पांढरा दगड घुमटावर धरून जो कोणी आत येईल, तो डोळे मिटून खडकावर जाईल. आणि डोळे मिटून ये म्हणून आम्हीच सांगून ठेवलेलं.

नाखवा गर्रकन मागे वळले, माथ्याच्या दुसऱ्या टोकाला धावले. मीही मागोमाग. तिथून खाली खोल दरी होती. दरीपलीकडे दुसरा डोंगर, याच्याहून उंच. आणि त्याच्या माथ्यावर एक नांदरूख आडवा पडलेला, मुळांसकट.

समुद्रातून बघताना दोन डोंगर एकात एक मिसळून जातात, उंट एकच दिसतो. आणि गावातून बघावं तर पुढचा मागच्याला झाकतो, तिथेही एकच. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी एकच डोंगर पाहिला. मधे दरी आहे हे एकाही नाखव्याला ठाऊक नव्हतं, आणि असणार कसं? त्यांनी तो जवळून बघितलाच नव्हता.

"वारा फिरला," नाखवा पुटपुटले. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग एकदम ओरडले, "चुनेवाल्या, शेन!"

"काय?"

"शेन आन! गुरं चरतात हितं. दगड काळा करायचा."

आणि उस्माननाखवा, दिवसातून पाच वेळा वजू करून हातपाय धुणारा, सदऱ्यावर माशी बसली तरी सदरा बदलणारा माणूस, गवतात वाकून दोन्ही हातांनी शेण गोळा करायला लागला. आम्ही ते कातळावर थापत सुटलो. चुना ओला, त्यात शेण, दोन्ही अंगावर. माती, चिखल, मिळेल ते फासलं. दाढीचं अत्तर कुठच्या कुठे गेलं. कातळ काळा झाला असं मला वाटलं तेव्हा ते म्हणाले, "अजून," आणि आणखी थापलं.

मग दरी. त्या उतारावर वाट नव्हती की वाटेची आठवण नव्हती. काळ्या कातळाच्या पायऱ्या, एकेक कमरेइतकी, त्यावर शेवाळ. बसून घसरलो. डबे एकमेकांकडे दिले-घेतले. खाली ओढ्याला पाणी होतं, त्यात हात बुचकळले, चुन्यात ओंजळभर घातलं आणि समोरच्या चढाला लागलो. माझ्या नाकी नऊ आले. मी मटकन बसलो की ते वरून म्हणायचे, "फातिमाचा घरवाला मचव्यात बसलाय, तू हितं बसलायस?" मी उठायचो.

नांदरुखाशी पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. शेजारीच कातळ होता. या वेळी नाखव्यांनी आधी रेषा बघितली, मला बघायला लावली, आणि माझ्याकडून वदवून घेतलं की फेस रेषेच्या पुष्कळ बाजूला आहे. मग चुना. मी फासत असतानाच ते म्हणाले, "आला."

क्षितिजावर शीड दिसत होतं. इब्राहिम. शीड आलं, थांबल्यासारखं झालं, डुललं. तो खूण शोधत होता. पहिल्या डोंगरावरचं शेण वाळून चुना दिसत असेल तर? मी नाखव्यांकडे बघितलं. ते माझं मनगट धरून उभे होते आणि बोटं माझ्या हाडात रुतली होती. मग शीड हळूच वळलं, रेषेवर आलं, फेसाला बाजूला टाकून सरळ आत शिरलं. माझा जीव भांड्यात पडला. नाखवा नांदरुखाच्या बुंध्यावर बसले. चुन्याने माखलेल्या हातांत तोंड धरून बसले आणि रडले.

"चुनेवाल्या, वारा न्हाय फिरला. मी चुकलो. माझ्याच हातानं माझी पोर उघडी पडली असती."

मला वाटलं, झालं, हे आता आम्हा दोघांतच राहणार. कसलं काय! शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर उभं राहून नाखव्यांनी सगळ्या नाखव्यांना, खलाशांना आणि मुद्दाम बोलावून आणलेल्या कोळीवाड्यातल्या तांडेलांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "उंट एक न्हाय, दोन हायत. पुढच्यावर कधी पांढरं दिसलं तर त्ये माझं पाप हाय, त्याच्यावर जाऊ नका. मागचं धरा. मी चुकलो, तुम्ही चुकू नका." लोक हसले. हसू दिलं त्यांनी. वारा फिरला म्हटलं असतं तर भागलं असतं, पण ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर दरवर्षी पाऊस सरला की आम्ही दोघे चुना घेऊन जायचो. हळूहळू पायांखाली वाट पडली. दरीतल्या पायऱ्यांवर नाखव्यांनी पहारीने खाचा पाडल्या. लोक तिला नाखव्याची वाट म्हणायला लागले. पुढच्या माथ्यावर शेणाच्या दगडाशी ते न चुकता थांबायचे, त्याच्यावर चापट मारायचे आणि म्हणायचे, "सलाम, उस्ताद." मग त्याला पुन्हा एक हात शेणाचा. मी म्हणायचो, "अहो, चुना कधीच धुऊन गेला." ते म्हणायचे, "असूं दे. उस्तादाला नजराना लागतो."

दहाएक वर्षं अशी गेली. फातिमाचा पोरगा शाळेत जायला लागला. नाखव्यांना दमा जडला आणि भाभींनी डोंगर बंद केला. त्या वर्षी मी गड्यांना घेऊन चुना लावून आलो. नाखव्यांनी अंगणात खाटेवर बसून माझी उलटतपासणी घेतली. रेषा बघितली का? फेस कुठं होता? उस्तादाला शेण लावलं का? सगळ्याला हो म्हटलं तेव्हा सुटलो.

चौथ्या दिवशी मी इब्राहिमच्या मचव्यातून चुना घेऊन मुंबईला गेलो. परत निघायच्या वेळी अवकाळी पाऊस कोसळायला लागला. दोन दिवस धक्क्यावर अडकलो. तिसऱ्या दिवशी जरा उघडलं म्हणून निघालो, पण समुद्र खवळलेलाच होता. गावाजवळ येईपर्यंत मचव्यात पाणी झालं होतं आणि खलाशी उपसून उपसून थकले होते. बाहेर थांबायची सोय नव्हती. आत जायलाच हवं होतं.

इब्राहिमने उंटाकडे बघितलं. वशिंड काळं. ताजा चुना, दोन दिवसांचा पाऊस, सगळं धुऊन गेलेलं. मी कमर चाचपली. भट्टीच्या कोठीत चुन्याची रास होती, पण कोठीला कुलूप आणि चावी माझ्या कमरेला. गावात कोणाच्या मनात आलं असतं तरी चुना मिळणार नव्हता.

"काका," तेवढ्यात इब्राहिम म्हणाला, "खूण दिसती हाय."

मी बघितलं. वशिंडावर पांढरं होतं.

"पन हलती हाय."

खरंच हलत होती. वाऱ्यावर फुगत होती, पडत होती, पुन्हा फुगत होती. जवळ गेलो तसं कळलं. कातळावर एक माणूस उभा होता, पाय फाकून, डेकवर उभं राहावं तसा. दोन्ही हात वर, आणि हातांत पांढऱ्या कापडाची दोन टोकं. इब्राहिमला काही सांगावं लागलं नाही. त्याने घुमटावर ते पांढरं धरलं, दातओठ खाल्ले आणि मचवा आत घातला. फेस आमच्या बाजूने गेला. नांगर पडेपर्यंत ते कापड खाली आलं नाही.

इब्राहिम नाखव्याच्या वाटेने धावत मागच्या डोंगरावर गेला आणि सासऱ्याला पाठीवर घेऊन आला. पावसाने चुना धुतला असणार हे ताडून म्हातारा उठला होता, कोठीला कुलूप बघून चुना न्हाय तर न्हाय म्हणाला होता, आणि भाभी शेजारी गेल्या ती वेळ साधून पेटी उघडून, जे सगळ्यात पांढरं सापडलं ते घेऊन एकटा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी हलीमाभाभी अंगणात कफन धूत बसल्या होत्या. काळ्या दगडाचे डाग निघत नव्हते, करवंदीच्या काट्याने एक कोपरा फाटला होता. "आता ह्ये कशाला वापरायचं? दुसरं आना," त्या रडत म्हणाल्या.

नाखवा खाटेवर पडून धापा टाकत होते. तरी आवाज तोच, ठाम. "ह्येच वापरायचं. नवं शीड काय भरवशाचं? ह्ये वाऱ्यावर चालवून बघितलेलं हाय."

भाभींनी कोपरा रफू केला. त्या वैशाखात तेच वापरलं. मी भट्टीच्या कोठीला त्यानंतर कुलूप लावलं नाही.